व्ही. के. कृष्ण मेनन

वेंगालिल कृष्णन कृष्ण मेनन (३ मे १८९६ – ६ ऑक्टोबर १९७४) हे भारतीय मुत्सद्दी, स्वातंत्र्यचळवळीचे इंग्लंडमधील प्रमुख प्रचारक, संयुक्त राष्ट्रांतील भारताचे प्रतिनिधी आणि १९५७ ते १९६२ या काळात भारताचे संरक्षणमंत्री होते. १९६२ साली चीनबरोबरच्या युद्धात झालेल्या पराभवानंतर त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. जन्माने केरळचे असलेले मेनन १९५७ आणि १९६२ या दोन्ही सार्वत्रिक निवडणुकांत मुंबईतून लोकसभेवर निवडून आले होते. त्यांपैकी १९६२ ची उत्तर मुंबईची निवडणूक विशेष गाजली. त्या निवडणुकीत मेनन आणि आचार्य जे. बी. कृपलानी या दोन उमेदवारांमध्ये देशाच्या संरक्षणाच्या कारभारावरून आरोप-प्रत्यारोप झाले. मतदारांनी मेनन यांच्या बाजूने मोठा कौल दिला आणि त्यानंतर आठ महिन्यांतच चीनचे आक्रमण झाले.

प्रारंभिक जीवन

कृष्ण मेनन यांचा जन्म मलबारमधील तलश्शेरीजवळ तिरुवंगाड येथे एका सुखवस्तू नायर कुटुंबात झाला. त्यांचे वडील कोमत कृष्ण कुरुप हे वकील होते. मेनन यांचे बालपण कालिकत (आताचे कोळिकोड) येथे गेले. तेथील झामोरिन महाविद्यालयात प्रारंभीचे उच्च शिक्षण घेतल्यावर ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आणि पुढे तेथील विधी महाविद्यालयात शिकले. मद्रासमध्ये ते डॉ. अ‍ॅनी बेझंट यांच्या प्रभावाखाली आले आणि होमरूल चळवळीत व थिऑसॉफिकल सोसायटीच्या कामात सहभागी झाले.

१९२४ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांना प्रा. हॅरॉल्ड लास्की यांच्यासारखे गुरू लाभले. लास्की यांच्या समाजवादी विचारांचा त्यांच्यावर कायमचा परिणाम झाला. मानसशास्त्राचाही त्यांनी अभ्यास केला आणि पुढे ते बॅरिस्टर झाले. काही महिन्यांच्या शिक्षणासाठी गेलेले मेनन त्या देशात सुमारे २८ वर्षे राहिले.

इंग्लंडमधील कार्य

१९२९ पासून मेनन यांनी इंडिया लीग या संस्थेचे सचिवपद सांभाळले. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू ब्रिटिश जनतेपुढे, वृत्तपत्रांपुढे व संसद सदस्यांपुढे मांडणे हे या संस्थेचे काम होते. अपुऱ्या पैशांत आणि अत्यंत साध्या राहणीत त्यांनी हे काम स्वातंत्र्य मिळेपर्यंत चालविले. मजूर पक्षाच्या वतीने ते १९३४ पासून लंडनमधील सेंट पँक्रस विभागाचे नगरसेवक होते. ग्रंथालयांची वाढ हा तेथील त्यांच्या आवडीचा विषय होता. पुढे १९५५ मध्ये त्या विभागाने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले.

ग्रंथप्रकाशनाच्या क्षेत्रातही त्यांचे नाव आहे. अ‍ॅलन लेन यांच्या पेंग्विन प्रकाशनाने १९३७ मध्ये सामान्य वाचकांसाठी स्वस्त ज्ञानपर पुस्तकांची पेलिकन ही माला सुरू केली. तिच्या आरंभीच्या संपादकांत मेनन होते.

जवाहरलाल नेहरू यांच्याशी त्यांचा स्नेह याच काळात जुळला. नेहरूंच्या पुस्तकांच्या इंग्लंडमधील प्रकाशनाची व्यवस्था त्यांनी पाहिली. स्पेनमधील यादवी युद्धाच्या वेळी, १९३८ मध्ये, दोघांनी बरोबरच त्या देशाला भेट दिली. या स्नेहामुळे मेनन पुढे सत्तेच्या केंद्रस्थानी पोचले. मात्र काँग्रेस पक्षात त्यांचे स्वतःचे असे अनुयायी कधीच तयार झाले नाहीत. त्यांचे राजकीय बळ नेहरूंच्या विश्वासावर उभे होते आणि १९६२ च्या शरद ऋतूत हीच गोष्ट निर्णायक ठरली.

उच्चायुक्तपद आणि जीप प्रकरण

स्वातंत्र्यानंतर मेनन यांची ब्रिटनमधील भारताचे पहिले उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली. १९४७ ते १९५२ या काळात ते या पदावर होते. भारताने प्रजासत्ताक झाल्यावरही राष्ट्रकुलात राहावे, यासाठी झालेल्या वाटाघाटींत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

युद्धाशी संबंधित पहिला आरोप त्यांच्यावर याच काळात झाला. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू असताना सैन्याला जीपगाड्यांची तातडीने गरज होती. उच्चायुक्त या नात्याने मेनन यांनी नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा करार केला. ठरलेल्यापैकी केवळ १५५ गाड्या भारतात आल्या आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नसल्याचे आढळले. संसदेत यावर वारंवार चर्चा झाली. १९५५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या दृष्टीने हे प्रकरण संपल्याचे जाहीर केले. मेनन यांनी स्वतःसाठी पैसे घेतल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही संरक्षण साहित्याच्या खरेदीत नियम मोडल्याचा ठपका त्यांच्या विरोधकांनी पुढे प्रत्येक निवडणुकीत आठवणीत ठेवला.

संयुक्त राष्ट्रांतील कार्य

१९५२ पासून मेनन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताचे प्रतिनिधित्व करू लागले. कोरियातील युद्धकैद्यांच्या प्रश्नावर त्यांनी मांडलेल्या प्रस्तावाने युद्धबंदीचा मार्ग सुकर केला. १९५६ मधील सुएझ प्रकरणात त्यांनी ब्रिटन आणि फ्रान्सच्या कृतीला ठाम विरोध केला. त्याच वेळी हंगेरीतील सोव्हिएत लष्करी कारवाईच्या बाबतीत भारताने घेतलेली सौम्य भूमिका पाश्चात्त्य देशांत आणि भारतातही टीकेचा विषय झाली. मेनन साम्यवाद्यांना झुकते माप देतात, असा समज तेव्हापासून रुजला.

जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरप्रश्नी भारताची बाजू मांडताना त्यांनी दोन दिवसांत मिळून सुमारे आठ तास भाषण केले. या भाषणाच्या श्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. सुरक्षा परिषदेच्या इतिहासातील हे सर्वांत दीर्घ भाषण मानले जाते. भारतात त्याचा मोठा प्रभाव पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला होता.

संरक्षणमंत्री

एप्रिल १९५७ मध्ये मेनन संरक्षणमंत्री झाले. शस्त्रास्त्रांसाठी परदेशांवर अवलंबून राहणाऱ्या देशाचे स्वातंत्र्य अपुरे राहते, अशी त्यांची धारणा होती. त्यानुसार त्यांनी देशी उत्पादनावर भर दिला. १९५८ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटना (डीआरडीओ) स्थापन झाली. बंगळूर येथे तयार झालेल्या एचएफ-२४ मरुत या लढाऊ जेट विमानाने जून १९६१ मध्ये पहिले उड्डाण केले. मद्रासजवळ आवडी येथे रणगाड्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. लष्करी अधिकाऱ्यांची भरती सर्व थरांतून व्हावी यासाठी सैनिकी शाळांची योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. या योजनेतील पहिली शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली.

सोव्हिएत संघाकडून मिग-२१ विमाने घेण्याचा आणि ती भारतात बांधण्याचा निर्णयही १९६२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने झाला. त्यातून पुढे १९६४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला.

या जमेच्या बाजूबरोबरच त्यांच्या कारभारावर गंभीर आक्षेपही घेण्यात आले. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांशी त्यांचे वागणे तुसडे असे. बढत्यांमध्ये ते वशिला चालवितात आणि सैन्यात गट पाडतात, अशा तक्रारी होत्या. ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस लष्करप्रमुख जनरल के. एस. थिमय्या यांनी राजीनामा दिला. नेहरूंच्या सांगण्यावरून त्यांनी तो मागे घेतला, पण मंत्री आणि सेनानी यांच्यातील दरी त्यामुळे उघड झाली. मेनन यांचे विश्वासू समजले जाणारे लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांना पुढे मिळालेल्या महत्त्वाच्या पदांनी हा वाद वाढला. संरक्षण कारखान्यांत शस्त्रांऐवजी कॉफीची यंत्रे व घरगुती वस्तू तयार होतात, अशीही टीका वृत्तपत्रांतून होत असे.

सर्वांत मोठा आक्षेप चीनविषयी होता. चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधल्याचे १९५७–५८ मध्ये स्पष्ट झाले. १९५९ मध्ये लोंगजू आणि कोंगका खिंड येथे चकमकी झाल्या. कोंगका येथे भारतीय पोलीस मारले गेले. तरीही भारताला खरा धोका पाकिस्तानकडूनच आहे, असे मेनन मानत राहिले.

११ एप्रिल १९६१ रोजी आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत मेनन यांच्यावर प्रखर हल्ला चढविला. देशाचा पैसा वाया घालविणे, सैन्याचे मनोधैर्य खच्ची करणे आणि सीमेवरील भूभाग लढाईशिवाय गमावणे असे आरोप त्यांनी ठेवले. पुढील वर्षीच्या निवडणुकीची ही नांदी ठरली.

गोवामुक्ती

डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा, दमण आणि दीव येथे लष्करी कारवाई केली. पुण्यातील दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली १७ डिसेंबरच्या रात्री सुरू झालेली ही मोहीम १९ डिसेंबर रोजी पूर्ण झाली आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेला गोळीबार महाराष्ट्रातील जनता विसरली नव्हती. त्यामुळे येथे या कारवाईचे मोठे स्वागत झाले. लष्करी कारवाईसाठी मेनन यांनी आग्रह धरला होता आणि तिचे श्रेय त्यांना मिळाले. निवडणूक दोन महिन्यांवर असताना ही कारवाई झाल्याने परदेशी वृत्तपत्रांनी आणि विरोधकांनी तिचा संबंध मुंबईतील लढतीशी जोडला. गोव्याचा प्रश्न मात्र त्यापूर्वी चौदा वर्षे चिघळत पडला होता, हेही तितकेच खरे आहे.

१९६२ ची उत्तर मुंबई निवडणूक

फेब्रुवारी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघातून काँग्रेसने मेनन यांना पुन्हा उमेदवारी दिली. त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी अपक्ष म्हणून उभे राहिले. चंपारण सत्याग्रहापासून गांधीजींबरोबर काम केलेले कृपलानी १९४६–४७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते. पुढे ते पक्षाबाहेर पडले. १९५७ मध्ये ते बिहारमधील सीतामढी येथून निवडून आले होते, परंतु मेनन यांना आव्हान देण्यासाठी त्यांनी ती जागा सोडून मुंबई निवडली. प्रजासमाजवादी, स्वतंत्र आणि जनसंघ या भिन्न विचारांच्या पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. त्यांच्या पत्नी सुचेता कृपलानी मात्र काँग्रेसमध्येच होत्या.

सामान्यतः लोकसभेची निवडणूक स्थानिक प्रश्न, जात, भाषा आणि पक्ष यांभोवती फिरते. येथे दोन्ही उमेदवार महाराष्ट्राबाहेरचे होते आणि प्रचाराचा मुख्य विषय देशाचे संरक्षण हा होता. कृपलानींच्या बाजूने मांडलेले आरोप असे होते: चीनने हजारो चौरस मैल भूमी बळकावली असताना संरक्षणमंत्री स्वस्थ राहिले, सैन्याची तयारी अपुरी आहे, बढत्यांत पक्षपात झाला आहे, आणि मंत्र्यांचा ओढा साम्यवादी देशांकडे आहे. जीप प्रकरणाचीही उजळणी झाली.

मेनन यांच्या बाजूने त्याला उत्तर देताना काश्मीरवरील भाषण, गोव्याची मुक्ती आणि देशी शस्त्रनिर्मिती यांचा दाखला देण्यात आला. त्याचबरोबर प्रतिस्पर्ध्यांवर उलट आरोप झाले. कृपलानींच्या मागे मोठे भांडवलदार आणि अलिप्ततेचे धोरण मोडू पाहणाऱ्या परकीय शक्ती आहेत, असे सांगण्यात आले. परस्परविरोधी पक्षांची ही आघाडी केवळ नेहरूंच्या धोरणाला सुरुंग लावण्यासाठी आहे, असाही प्रचार झाला. स्वतः नेहरूंनी ही निवडणूक प्रतिष्ठेची केली आणि मेनन यांचा पराभव हा आपल्या धोरणांचा पराभव ठरेल, अशी भूमिका घेतली. नेहरूंच्या विनंतीवरून अभिनेते दिलीपकुमार मेनन यांच्या प्रचारात उतरले. चित्रपट कलावंतांनी निवडणूक प्रचारात भाग घेण्याचे हे भारतातील आरंभीच्या काळातील उदाहरण आहे. अमेरिकेतील टाइम साप्ताहिकाने फेब्रुवारीच्या आरंभी मेनन यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. मुंबईतील एका मतदारसंघाकडे अशा रीतीने जगाचे लक्ष लागले.

निकालात मेनन यांना सुमारे २ लाख ९६ हजार आणि कृपलानींना सुमारे १ लाख ५१ हजार मते मिळाली. सुमारे १ लाख ४५ हजार मतांच्या या विजयाने मेनन यांची सरकारमधील स्थिती बळकट झाली. संरक्षण खात्याविषयी घेतलेल्या शंकांना जनतेने उत्तर दिले, असा अर्थ काँग्रेसने लावला. सीमेवरील सैन्याजवळ पुरेसे गरम कपडे, तोफा आणि रस्ते आहेत की नाहीत, हा प्रश्न मात्र मतदानाने सुटण्यासारखा नव्हता.

चीनचे आक्रमण आणि राजीनामा

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा प्रदेश (नेफा) अशा दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला केला. नामका चू नदीकाठची भारतीय तुकडी पहिल्याच दिवशी उद्ध्वस्त झाली. काही दिवसांतच तवांग पडले. उंच पर्वतावरील थंडीची सवय नसलेले, सुती कपड्यांतील आणि जुन्या बंदुका घेतलेले जवान तेथे लढत होते. त्यांच्या हालांच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा देशभर संताप उसळला.

विरोधकांनी फेब्रुवारीत केलेले आरोप आता काँग्रेसचेच खासदार करू लागले. ३१ ऑक्टोबर रोजी नेहरूंनी संरक्षण खाते स्वतःकडे घेतले आणि मेनन यांना संरक्षण उत्पादन खाते दिले. या अर्ध्या उपायाने पक्षातील रोष शमला नाही. नेहरूंचे वजनही या वेळी पुरले नाही. ७ नोव्हेंबर रोजी मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यानंतरही युद्ध चालूच होते. से ला आणि बोमडिला ही ठाणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे मेनन गेल्यानंतर पडली. २१ नोव्हेंबर रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. या युद्धात भारताचे १,३८३ सैनिक मृत्युमुखी पडले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले आणि जवळजवळ ४,००० युद्धकैदी झाले.

उत्तराधिकारी आणि चौकशी

मेनन यांच्या जागी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस बोलावण्यात आले. युद्धबंदी जाहीर झाली त्याच दिवशी त्यांनी कार्यभार स्वीकारला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, अशा अर्थाचा वाक्प्रयोग मराठीत तेव्हापासून रूढ झाला. चव्हाण १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातील पोटनिवडणुकीत लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. एका वर्षापूर्वी उत्तर मुंबईत संरक्षणमंत्र्याच्या विरोधात सर्व विरोधी पक्ष एकवटले होते. इगतपुरी आणि कसारा घाटाच्या अलीकडे, नाशिकमध्ये, नव्या संरक्षणमंत्र्याविरुद्ध एकही उमेदवार उभा राहिला नाही. देवळालीच्या तोफखाना केंद्रामुळे सैन्याशी जुने नाते असलेल्या या जिल्ह्यात हे घडले. युद्धाने राजकारणाचे वातावरण किती पालटले होते, हे या दोन निवडणुकांच्या तुलनेवरून दिसते.

पराभवाची लष्करी कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर पी. एस. भगत यांची नेमणूक झाली. त्यांचे काम सैन्याच्या कारवाईपुरते मर्यादित होते. मंत्री आणि मंत्रिमंडळ यांच्या निर्णयांची चौकशी त्यात नव्हती. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाण यांनी संसदेत अहवालाचा सारांश सांगितला. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वव्यवस्था आणि उंच प्रदेशात लढण्याची शारीरिक तयारी यांतील उणिवा त्यांनी मान्य केल्या. पूर्ण अहवाल सरकारने गोपनीय ठेवला. त्यामुळे मेनन यांच्यावरील आरोप अधिकृतपणे सिद्ध झाले नाहीत आणि त्यांना निर्दोषत्व सिद्ध करण्याची संधीही मिळाली नाही.

कृपलानी १९६३ मध्ये अमरोहा येथील पोटनिवडणुकीत निवडून लोकसभेत परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारतातील हा पहिलाच अविश्वास ठराव होता. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला.

१९६७ च्या निवडणुका

१९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना मुंबईतून उमेदवारी नाकारली. त्यांनी पक्ष सोडला आणि ईशान्य मुंबईतून ते अपक्ष उभे राहिले. डाव्या पक्षांनी त्यांना साथ दिली. काँग्रेसने सदाशिव गोविंद बर्वे यांना उमेदवारी दिली. बर्वे हे कर्तबगार सनदी अधिकारी होते. पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या पुनर्वसनातील त्यांच्या कामाची आठवण ताजी होती आणि ते राज्यात मंत्रीही राहिले होते.

चीनच्या युद्धाचा विषय प्रचारात निघालाच. परंतु या वेळी उमेदवार मराठी की परप्रांतीय, हा मुद्दा अधिक गाजला. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांना कडाडून विरोध केला आणि बर्वे यांचा प्रचार केला. मेनन सुमारे १३ हजार मतांनी हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले. त्यामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. अशा रीतीने युद्धापूर्वीच्या निवडणुकीत मेनन यांच्या संरक्षणविषयक कारभारावर मतदान झाले आणि युद्धानंतरच्या निवडणुकीत त्यांच्या जन्मप्रांताने तो प्रश्न झाकोळला.

अखेरची वर्षे

मे १९६९ मध्ये पश्चिम बंगालमधील मिदनापूर येथील पोटनिवडणुकीत मेनन अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९७१ मध्ये ते केरळातील त्रिवेंद्रम मतदारसंघातून विजयी झाले. या काळात त्यांनी सर्वोच्च न्यायालयात वकिलीही केली. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्यावरील न्यायालय-अवमानाच्या प्रसिद्ध खटल्यात त्यांनी नंबुद्रिपादांची बाजू मांडली.

कॅनडातील अभ्यासक मायकेल ब्रेचर यांनी त्यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन १९६८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. मेनन यांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही. ते अविवाहित होते. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

मेनन यांच्याविषयीची मते आजही टोकाची आहेत. १९६२ च्या पराभवाचे मुख्य दोषी म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. चीनच्या हेतूंविषयीची चूक, सेनाधिकाऱ्यांशी केलेले वर्तन आणि पसंतीच्या माणसांना दिलेली पदे यांची जबाबदारी त्यांना टाळता येत नाही. तथापि, चीनविषयक धोरण नेहरूंचे होते आणि ते संसदेने व पक्षाने मान्य केले होते. सीमेवर पुढे चौक्या उभारण्याचा निर्णय एकट्या मेनन यांचा नव्हता. संरक्षणावर पुरेसा पैसा खर्च झाला नाही, ही तक्रारही एकतर्फी नाही. कृपलानींनी स्वतः १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, गांधीजींच्या शिकवणीचा आधार घेऊन, वाढत्या लष्करी खर्चाबद्दल लोकसभेत खेद व्यक्त केला होता. युद्धानंतर ज्यांनी मेनन यांना दोष दिला, त्यांतील अनेकांनी पूर्वी अधिक शस्त्रांची मागणी केली नव्हती.

दुसऱ्या बाजूला, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत उपयोगी पडलेल्या काही संस्था आणि कारखाने यांचा पाया मेनन यांच्या काळात घातला गेला. मरुत विमानांनी १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर भाग घेतला. मिग-२१ ही विमाने भारतीय हवाई दलाचा अनेक दशके कणा होती आणि त्यांतील शेकडो विमाने ओझर येथे तयार झाली.

हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा काही भाग २०१४ मध्ये परदेशी पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी उघड केला. भारत सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. जयराम रमेश यांचे अ चेकर्ड ब्रिलियन्स हे मेनन यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र २०१९ मध्ये प्रकाशित झाले. त्यात मोठ्या प्रमाणावर पत्रव्यवहाराचा उपयोग केलेला आहे.

उत्तर मुंबईच्या त्या निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या आरोपांत तथ्याचा अंश होता. कृपलानींनी दाखविलेल्या उणिवा खऱ्या ठरल्या आणि मेनन यांनी सांगितलेले देशी उत्पादनाचे महत्त्वही पुढे मान्य झाले. परंतु प्रचाराच्या गदारोळात सैन्याच्या प्रत्यक्ष स्थितीची शांतपणे तपासणी झाली नाही. तिची किंमत त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नामका चू आणि से ला येथील जवानांनी मोजली.